मागचं वल्हं

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला वाद घालायची हौस नाही.

मी विजयश्री. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासायचे आणि खोट दिसली की तो बाजूला काढायचा, हेच माझं काम. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी चहा प्यायला उठून जायचे. आजही त्यांच्यावर विश्वास आहे असं माझ्याच्यानं म्हणवत नाही. पण या एप्रिलमधल्या एका रविवारी जे झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि ती रात्र नव्हती. चांगलं लख्ख ऊन होतं.

चाकणच्या पुढे एक धरण आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, तिथल्या लोकांची पोटं त्यावर चालतात. उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठाला चिखल सुकून भेगा पडतात आणि वाळलेल्या झाडांचे बुंधे पाण्यातून वर येतात. सुट्टीच्या दिवशी तिथे कयाकिंगला ग्रुप जातात. कयाक म्हणजे अरुंद, लांबट, दोघांची बोट. एक पुढे, एक मागे.

आमचा ग्रुप रियाजभाईंचा. आठवडाभर चाकणजवळच्या निघोज्यात गॅरेज चालवायचं आणि रविवारी लोकांना डोंगर नाहीतर पाणी दाखवायला न्यायचं, असा माणूस. अतिशय शिस्तीचा. लाइफ जॅकेटचं एक बक्कल सैल दिसलं तरी बोटीत बसू देत नाही.

माझा धाकटा भाऊ गणराज आणि त्याची बायको करिष्मा निघोज्यातच राहतात, माझ्या खालच्या मजल्यावर. हा माझ्याच कंपनीत तिसऱ्या शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, ती एका ऑफिसात दिवसपाळीला. हा घरी येतो तेव्हा ती डबा भरून निघालेली असते. दोघांचं बोलणं फोनवर, तेही 'गॅस आला का' आणि 'दूध संपलंय' एवढंच.

त्यात मागच्या वर्षी करिष्माचा गर्भपात झाला. तिसरा महिना होता. तेव्हापासून गण्या त्या विषयावर एक शब्द बोललेला नाही. ओव्हरटाइम मागून घ्यायला लागला. दुःख झालं की आमच्या घरातले पुरुष कामाला लागतात, बायकांनी काय करायचं ते कुणी सांगत नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही निघालो, तेव्हा करिष्मा गाडीत माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली की तिला पुन्हा दिवस गेलेत.

मला आनंद झाला, आणि लगेच रागही आला. म्हटलं, मग बोटीत कशाला बसतेस? ती म्हणाली, डॉक्टरांना विचारलंय, पाणी स्थिर आहे, मी नुसती बसणार. मग ती म्हणाली, "ताई, मागच्या वेळी त्यांचं तोंड बघवलं नाही मला. या वेळी मी पुढं बसते, ते मागं बसतील. तोंड न बघता सांगून टाकते."

मी तिचा हात हातात घेतला.

गणराज गाडीच्या मागच्या सीटवर घोरत होता. रात्रपाळी करून, वर सकाळचा ओव्हरटाइम मारून आला होता. काठावर पोहोचलो तेव्हा म्हणाला, पाच मिनिटं पडतो, तुम्ही जॅकेट घाला, मी आलोच.

रियाजभाईंनी नियम सांगितले. पुढच्याने आधी बसायचं. मागच्याने बोट ढकलायची आणि उडी मारून आत बसायचं. दिशा मागचा सांभाळतो. आणि पुढच्याने काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. वळलात की बोट कलंडते.

मग त्यांनी हजेरी घेतली. काठावर उभं राहून एकेकाला मोठ्याने हाक मारत होते.

"गणराज..."

उत्तर नाही.

"गणराज!"

"आहे!" मागून आवाज आला.

मी जॅकेटच्या बक्कलाशी झटत होते. वाटलं, उठला बाबा एकदाचा. करिष्मा तोवर तिच्या बोटीत पुढे जाऊन बसली होती, पाण्याकडे तोंड करून. तिलाही तेच वाटलं.

पण तो 'आहे' गणराजचा नव्हताच. तो भीमराजचा होता.

भीमराज आमच्याच कंपनीतला, गण्याच्या लाइनवरचा. आमच्याकडे ही सवयच आहे. शिफ्ट सुरू होताना हजेरी होते, तेव्हा कुणी टपरीवर अडकलेला असतो, कुणी गेटवर. शेजारचा त्याच्या वतीने 'आहे' म्हणून टाकतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. गण्या गाडीतून डुलत येतच असेल असं भीमराजने धरलं, 'आहे' म्हटलं आणि आपल्या जोडीदाराबरोबर निघून गेला.

माझी बोट रियाजभाईंबरोबर, सगळ्यात पुढे. बाकीच्या मागोमाग. शेवटची करिष्माची; ती कुणी ढकलली, ते आमच्यातल्या कुणीच बघितलं नाही.

पाण्यावर गेल्यावर मात्र बरं वाटलं. उन्हाचा चटका कमी झाला होता. वल्ह्यांचे आवाज येत होते, छप... छप... छप. कंपनीतल्या मशीनचा आवाज डोक्यातून पहिल्यांदाच गेला. पाण्याच्या मध्यावर एक मोठा वाळलेला बुंधा होता, तिथे सगळ्यांनी जमायचं होतं. आम्ही पोहोचून मागे वळलो. बोटी एकेक करून आल्या.

करिष्माची आली नाही.

तिची बोट लांब डावीकडे चालली होती. तिकडे दोन डोंगरांच्या मध्ये पाण्याची अरुंद पट्टी आत जाते. उन्हातही तिथे सावली होती. रियाजभाई तिकडे कुणाला नेत नाहीत, तिथं पाणी फार खोल आहे.

मी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

करिष्माचं केशरी जॅकेट दिसत होतं...

मागच्या सीटवर कुणीच नव्हतं.

आधी वाटलं, उन्हाने दिसत नसेल. पण रियाजभाईही वल्हं थांबवून बघत होते. ते हळूच म्हणाले, बोट बघा. मी नीट बघितलं.

बोटीचं पुढचं टोक पाण्यातून वर उचललं गेलं होतं. मागचं टोक पार खाली दबलं होतं. मागे चांगला भारी माणूस बसल्यावर दबतं, तसं.

करिष्माचं वल्हं तिच्या मांडीवर आडवं होतं. ती वल्हवत नव्हती.

तरी बोट चालली होती. सरळ, एका लयीत. वारा नव्हता.

आणि ती बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण मान हलत होती. मध्येच ती थांबायची. कुणीतरी उत्तर देतंय आणि ती ऐकून घेतेय, तशी. मग पुन्हा बोलायची.

तेवढ्यात माझ्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाऊचमधला फोन वाजला.

गणराज.

"ताई, मला उठवायचं तरी. मी काठावर उभा आहे, इथं एक वल्हं पडलंय नुसतं. करिष्मा कुणाबरोबर बसली?"

 मी म्हटलं, फोन ठेवू नकोस. फक्त ठेवू नकोस.

मी करिष्माला हाक मारणार, तोच रियाजभाईंनी मागून माझा दंड धरला. "दीदी, काही सांगू नका तिला. ती दचकून वळली तर बोट पलटेल."

जी मुलगी आपल्या नवऱ्याला बाळाची बातमी सांगायला त्या बोटीत बसली होती, तिला मागे गण्या नाहीच, हे आम्हाला सांगताही येत नव्हतं. मी आयुष्यात एवढी घाबरले नाही कधी. मी जीव तोडून वल्हवत होते आणि तोंडाने आमच्या तुळजाभवानीचं नाव घेत होते. मी, जी नवरात्रात उपवाससुद्धा धरत नाही.

रियाजभाईंनी वळसा घालून बोट तिच्या समोरून आणली. आम्ही सावलीत शिरलो. एकदम गारवा लागला.

आता तिचा चेहरा दिसत होता. हसत होती. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. लग्नानंतर मी तिला इतकं सुखात बघितलेलंच नव्हतं.

आम्ही दोघांनी वल्ही थांबवली. तिचं तर मांडीवरच होतं.

आणि तरीही ऐकू येत होतं...

छप...

छप...

तिच्या पाठीमागून.

रियाजभाईंनी हात लांबवून तिच्या बोटीच्या टोकाचा दोर पकडला. त्याच क्षणी मागचं टोक झटक्याने वर उसळलं आणि पुढचं टोक धाडकन पाण्यावर आपटलं. आवाज बंद झाला.

करिष्मा दचकून वळली. मग ती किंचाळली.

"हे पडले! ताई, हे पाण्यात पडले!"

ती उडीच मारणार होती. मी दोन्ही हातांनी तिचं जॅकेट धरून ठेवलं, रियाजभाईंनी दोन्ही बोटी एकमेकींना चिकटवून धरल्या. ती मला ओरबाडत होती. त्यांना पोहता येत नाही, असं ओरडत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. तिकडून गण्या 'हॅलो, हॅलो' करत होता.

ती शांत झाली. आवाज गण्याचाच होता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग इथं कोण होतं?"

पाण्यावर काहीच नव्हतं. एक बुडबुडासुद्धा नाही.

काठावर गणराजने तिला उचलूनच बाहेर घेतलं. तिथे गोजाबाई म्हणून गावातल्या एक बाई ग्रुपला पिठलं-भाकरी करून देतात. त्या चुलीपाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, हाक कुणाला मारली हुती? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आन ओ कुणी दिली?"

भीमराजने मान खाली घातली.

"आमी हितं दुसऱ्याच्या हाकंला ओ देत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, न्हाई देत, एवढंच. त्यांच्या सासूनेही त्यांना एवढंच सांगितलं होतं. मग त्यांनी विस्तव विझवला आणि भाकरी तशाच टोपलीत ठेवून घरी निघून गेल्या. आम्हीही तिथे जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. सगळं व्यवस्थित होतं. डॉक्टरांनी ठोके ऐकवले तेव्हा गण्या तिथेच ढसाढसा रडला. त्याला बातमी अशी कळली. त्याने भांडून दिवसपाळी मागून घेतली. आता रोज संध्याकाळी दोघं एकत्र जेवतात. भीमराज येऊन पाया पडून गेला, त्याला मी काय बोलू? सवयीने तोंडातून निघालं त्याच्या. कंपनीत आता त्याला हजेरीला हाक मारली तरी तो नुसता हात वर करतो.

रियाजभाई त्या पाण्यावर पुन्हा गेले नाहीत. ती दोघांची बोट त्यांनी विकलीही नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला नको म्हणाले.

सगळं ठीक चाललं होतं. एकच गोष्ट राहिली होती. बोटीत काय बोलणं झालं, ते करिष्मा कुणालाच सांगत नव्हती. गण्याने विचारलं, मी विचारलं. ती विषय बदलायची.

आता तिला नववा लागलाय. मागच्या आठवड्यात मी तिच्या पायांना तेल लावत बसले होते. गणराज पाळण्याला रंग देत होता, बाहेर. ती अचानक बोलायला लागली.

म्हणाली, सुरुवातीला ते गप्पच होते. नुसतं वल्हवत होते. मीच बोलत होते, मागच्या वर्षीचं सगळं. किती एकटी पडले होते, ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'हं' म्हणायचे मध्येच. घरी असं कधी ऐकलं नव्हतं त्यांनी. आवाज अगदी यांचाच, ताई. म्हणून तर मला इतकं बरं वाटलं.

"मग सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हटलं, अहो, बाळ आहे."

 बाहेर ब्रशचा आवाज येत होता.

"मग?"

"मग ते पुढं वाकले. माझ्या कानापाशी आले..."

तिने पोटावर दोन्ही हात ठेवले.

"आणि म्हणाले, माझं आहे."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.  ती माझ्याकडे बघत होती आणि मी म्हणावं अशी वाट बघत होती की काही नाही गं, भास असेल. मला तेवढंही म्हणता आलं नाही.

गणराजला आम्ही हे सांगितलेलं नाही. तो हौसेने रोज नवीन काहीतरी आणतोय. झबली आणली, मच्छरदाणी आणली. दिवस या महिन्याच्या शेवटी भरतात.

मला फक्त एवढंच वाटतं, की बाळ पहिल्यांदा हातात घेताना आमचा गण्या तिथे जागा असावा, आणि त्याच्या नावाच्या हाकेला ओ त्यानेच द्यावी.