हंडा दगडाचं गूढ

"पाय!" ब्रू ओरडला.

"नाही टेकला!"

"टेकला! बुटाला ओलं लागलंय बघ. तीन पाय झाले. अजून दोन, की फज्जा!"

केराल्तने दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा पेडलवर उभी राहिली. उभंच राहावं लागतं, कारण पाय न टेकता दगडांवरून उड्या मारत जायच्या ट्रायल सायकलला बसायला सीट नसतेच. दोन्ही पेडल एका रेषेत, पुढचं चाक जरासं वळवलेलं, एकेक बोट ब्रेकवर, नजर पुढच्या दगडावर. सगळं बरोबर होतं. तिने गुडघे वाकवले, ब्रेक आवळले आणि सायकलसकट उडी मारली. मागचं चाक 'बेडूक' नावाच्या दगडावर टेकलं, क्षणभर थांबलं आणि सुर्रकन निसटलं! केराल्त कोपरावर आपटली.

"आई गं!"

"पडलीस म्हणजे थेट पाच!" ब्रूने जाहीर केलं. मग तिचं कोपर पाहून त्याचा आवाज खाली आला. "लागलं का गं फार?"

"लागू दे. माझ्याच्याने हे होणार नाही. कधीच होणार नाही!"

ती नाटक करत नव्हती. सुट्टी लागल्यापासून ती रोज या ओढ्यात येत होती आणि रोज कालच्यापेक्षा वाईट सायकल चालवत होती. बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठं दुःख नसतं, आणि असतं असं म्हणणारी माणसं स्वतः कधी बारा वर्षांची नव्हती असं माझं मत आहे.

काठावर तिचा मोठा भाऊ जोफ्रे बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तोर्रेसेका गावातला हा सगळ्यात तयार ट्रायलपटू. मागच्या चाकावर उड्या मारत तो जिना चढायचा. बारा दिवसांपूर्वी तो 'हंडा' या कंबरभर उंचीच्या दगडावरून पडला आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं. त्याच आठवड्यात अजून दोन मुलं पडली. झालं! महापौर रेमेईबाईंनी फर्मान काढलं की शनिवारी ओढ्याला तारेचं कुंपण घालायचं. ओढा बंद म्हणजे सायकल क्लब बंद, आणि ऑगस्टअखेर गावच्या जत्रेला व्हायची ती स्पर्धाही बंद!

"माझ्यामुळे," जोफ्रे म्हणायचा. दिवसातून तो तेवढंच बोलायचा. आपली सायकल त्याने केराल्तला देऊन टाकली होती. "मी पुन्हा बसणार नाही," असं सांगून.

"चला घरी," ब्रूने नाक दाबलं. "इथे काय वास मारतोय! शी!"

केराल्तला त्याही अवस्थेत हसू आलं. ब्रू हा तिचा मावसभाऊ, बार्सिलोनाचा. सुट्टीला आल्यापासून त्याची हीच रड. "अरे शहरी बाळा, आमच्या गावात माणसं तीनशे आणि डुकरं बारा हजार. वास येणारच!"

"गावात येतो तो वास वेगळा. इथे डोळ्यांत पाणी येतंय."

"आम्हाला कुठे येतंय?"

"तुम्हाला नाकं आहेत कुठे?"

---

घराच्या अंगणात केराल्तने लाकडी फळकुटांची रास रचली होती. दुपारी आजीने टोमॅटो चोळलेला पाव आणि लोंगानिसा या सुक्या सॉसेजच्या चकत्या आणून ठेवल्या, तरी ती सायकलवरून उतरली नाही. ब्रू घड्याळ धरून बसला होता.

"एकशे अठरा... एकशे एकोणीस... दोन मिनिटं! हलली नाहीस! आता उडी!"

टक्! सायकल फळकुटांवर. पुन्हा टक्! मागच्या चाकावर एक, दोन, तीन, चार उड्या. मग खाली.

ब्रू पाव चावायचा थांबला. "केराल्त, तुला येतंय की!"

"अंगणात येतं. ओढ्यात गेलं की फज्जा. भित्री आहे मी, दुसरं काय!"

"भित्री माणसं उडी मारायच्या आधी पडतात. तू उडी मारल्यावर पडतेस. दगडावर नीट टेकतेस आणि मग पडतेस!"

"दगडाला दोष द्यायचा नसतो." केराल्त पाठ केल्यासारखं म्हणाली. क्लबमधल्या प्रत्येक पोराला ते पाठ होतं. त्यांचे शिक्षक क्लिमेंत सहा वर्षांच्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावत, "दगड जागचा हलत नाही. हलतो तो आपण." जोफ्रे हंड्यावरून पडला, तेव्हा त्याला उचलून गाडीत ठेवतानाही ते हेच म्हणाले होते. "हललास तू. मन ठिकाणावर नव्हतं तुझं." रागाने नाही, सवयीने. पण जोफ्रेने ते मनाला लावून घेतलं होतं.

"का नाही द्यायचा दोष?" ब्रू म्हणाला. "दगड काय तुमचा देव आहे?"

ओसरीवरून जोफ्रेचा आवाज आला. बारा दिवसांत पहिल्यांदाच तो आपणहून दुसरं काही बोलला. "आम्ही हंडा हाताने तपासलाच नव्हता."

"म्हणजे?"

"नवी जागा असली की आम्ही आधी चालत जातो. प्रत्येक दगडावर तळवा फिरवून बघतो. पण हंडा रोजचाच. वर्षभरात कोणीच हात लावला नसेल."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे ओढ्यात उतरले. केराल्तने हंड्यावर तळवा फिरवला. उन्हाने तापलेला, कोरडा ठणठणीत दगड. त्यावर राखाडी पापुद्रा होता, इतका पातळ की धूळच वाटावी.

"यात काय आहे?"

"हात ओला कर," जोफ्रे म्हणाला. "आपलं चाक ओढा ओलांडून येतं, तेव्हा ओलं असतं."

केराल्तने हात भिजवला आणि पुन्हा दगडावर ठेवला. हात सर्रकन घसरला! साबणाच्या वडीवर ठेवावा तसा! ब्रूने तिचा तळवा हुंगला आणि तो ओकायच्याच बेतात आला.

"हाच! हाच तो वास!"

तिघे वर निघाले. प्रत्येक दगडावर ओला तळवा. बेडूक बुळबुळीत, त्याच्या वरचा बुळबुळीत, त्याच्याही वरचा तसाच. डावीकडे काटेरी झुडपांची घळ लागली. तिच्या पलीकडे हंड्याएवढाच एक दगड होता, 'थोरला'. त्यावर हात ठेवला तर खरखरीत! हात हलेना!

"घळीतून येतंय," केराल्त कुजबुजली.

झुडपांखालून ती रांगत शिरली. काळसर पाण्याची बोटभर धार दगडांवरून पसरत ओढ्याकडे चालली होती. पहाटे वर कुठेतरी डुकरांचे गोठे धुतले की धार मोठी येत असणार आणि दहापर्यंत वाळून जात असणार. पोरं यायची ती दहानंतर! धारेच्या मागे मागे ती चढत गेली. वर बांध आला. बांधाला चीर पडली होती, आणि बांधाच्या आत डुकरांच्या मलमूत्राचं तळं काठोकाठ भरलेलं होतं.

तळ्यापलीकडचं लाल कौलांचं घर तिघांनीही ओळखलं. ते क्लिमेंतचं होतं!

जोफ्रे बांधाच्या कडेला खाली बसला.

"तळं रिकामं करायला टँकर बोलवावा लागतो," तो म्हणाला. "दर जुलैला बोलावतात ते. यंदा सगळा जुलै आमच्या मागेच होते, सकाळ-संध्याकाळ. विसरले असतील."

"मग सांगू या!" ब्रू उसळला. "महापौरबाईंना सांगू! तुझी चूक नव्हती जोफ्रे! सुटलास!"

"सुटलो?" जोफ्रेने त्याच्याकडे वळून पाहिलं. "सहा वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांनी शिकवलंय मला. गाव त्यांना काय म्हणेल? आणि क्लब कोण चालवणार मग? सांगितलं तरी गेला, नाही सांगितलं तरी गेला."

केराल्तला रडूच कोसळलं. कोडं सुटलं की आनंद होतो असं तिने ऐकलं होतं. तिला तर वाटत होतं, हात लावलाच नसता तर बरं झालं असतं.

"हे खालच्या झऱ्यात मुरत असणार, आणि त्याचं पाणी अख्खं गाव पितं," ती डोळे पुसत म्हणाली. "आजीसुद्धा. आधी त्यांनाच सांगायचं. मग बाकीच्यांना."

---

क्लिमेंत क्लबच्या खोलीत स्पर्धेच्या पाट्या रंगवत होते. कुंपण घातलं जाणार हे ठाऊक असूनही रंगवत होते. केराल्तचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"घाण ओढ्यात येत असती तर मला वास आला नसता?"

"तुम्हाला येत नाही. आम्हालाही येत नाही. आपण रोज त्यातच असतो."

"मला आला!" ब्रू मागून म्हणाला.

"तुला तर बेकरीतही येतो!" क्लिमेंत वैतागले. "पोरी, तुला मागच्या चाकावर उभं राहता येत नाही आणि तू दगडाला नावं ठेवतेस? हेच शिकवलं का मी?"

केराल्तची कानशिलं तापली. "मग शनिवारी या ओढ्यावर. मी आधी थोरल्यावर चढते, मग हंड्यावर. सायकल तीच, चाक तेच, मी तीच. तुम्हीच पाय मोजा!"

बाहेर आल्यावर ब्रू म्हणाला, "तू कधी चढलीयेस थोरल्यावर?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही म्हटलं ना!"

---

तीन दिवस केराल्तने आजीला झऱ्याचं पाणी पिऊ दिलं नाही; बाकीच्या गावाला पटवायला पुरावा हवा होता. शनिवारी सकाळी ओढ्यावर महापौर रेमेईबाई, तारेचं भेंडोळं घेतलेले दोन कामगार आणि निम्मं गाव जमलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं. फक्त क्लिमेंतने विनंती केली म्हणून."

केराल्त ओढ्यातून सायकल घेऊन थोरल्यापुढे उभी राहिली. चाकं मुद्दाम ओली केली. दगडाच्या दोन्ही बाजूंना तिचे बाबा आणि एक कामगार हात पसरून उभे. जोफ्रे जवळ आला.

"हातांनी ओढू नकोस. खाली बस, पूर्ण. पाय सरळ होतील तेव्हा सायकल आपोआप येईल. आणि चाक टेकलं की ब्रेक सोडायचा नाही."

पहिली उडी. चाक कडेला आपटलं आणि केराल्त पाय टेकून मागे आली.

"एक," क्लिमेंत म्हणाले.

दुसरी उडी अर्ध्यावरून खाली. "दोन."

गर्दीत कोणीतरी हसलं. कामगाराने हळूच तारेचं एक टोक सोडवायला घेतलं. हिला येत नाही हे आता सगळ्या गावाने पाहिलं होतं. आता ती काहीही म्हणाली तरी तो बहाणाच ठरणार होता. सायकल टाकून पळून जावं असं तिला फार वाटलं.

"अगं, बस की खाली!" जोफ्रे ओरडला. अगदी पूर्वीसारखा, चिडून. "किती वेळा सांगू!"

ती बसली. पूर्ण खाली. मग पाय ताडकन सरळ झाले, थोरल्याची कड डोळ्यांसमोरून खाली गेली आणि मागचं चाक खरखरीत दगडावर टेकलं. तिने ब्रेक आवळला. चाक डुललं. एक उडी, दुसरी उडी आणि पुढचं चाकही खाली! ती थोरल्याच्या डोक्यावर उभी होती!

"व्वा!" ब्रू नाचायला लागला. "घसरलं का? नाही घसरलं!"

कोणी टाळ्या वाजवायच्या आत ती उतरून खाली हंड्यापाशी आली होती. ओली चाकं, तीच उंची. ती खाली बसली. पुढचं चाक तिने हंड्याच्या पायथ्याला टेकवलं आणि ते जरासं सरकलं. बोटभरच.

"थांब!"

क्लिमेंत धावत आले. चाळीस वर्षं चाकांकडे बघण्यात गेलेला माणूस तो. ते बोटभर सरकणं गर्दीत फक्त त्यांना दिसलं होतं. त्यांनी बाटलीतलं पाणी हंड्यावर ओतलं, तळवा ठेवला. तळवा घसरला. तो हात त्यांनी नाकाशी नेला.

"क्लिमेंत?" रेमेईबाईंनी विचारलं.

"माझं तळं आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भरून वाहतंय. या पोरांनी मला तीन दिवसांपूर्वी सांगितलं. वर जाऊन नुसतं बघितलंही नाही मी."

गावात कुजबुज उसळली. आवाज चढले, झऱ्याचं नाव निघालं, कोणीतरी क्लिमेंतना नको ते बोललं. रेमेईबाईंनी झरा तिथल्या तिथे बंद करायला माणूस पाठवला आणि टँकरला फोन लावला. मग त्या तिघांकडे वळल्या. "आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि शोधून काढलं तुम्ही! शाबास! आणि शहरी बाळा, तुझ्या नाकाचे आभार."

पण कुंपण घातलं गेलंच. ओढा स्वच्छ व्हायला हिवाळा उजाडेल, कदाचित त्याहून जास्त लागेल, असं दुपारी पाणी तपासायला आलेल्या सरकारी बाईंनी सांगितलं. स्पर्धा रद्द. कामगार तार ताणत होते आणि केराल्तला पाठीवरच्या शाबासकीचा काहीच उपयोग वाटत नव्हता. जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर क्लिमेंत जोफ्रेसमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"तुझी चूक नव्हती. मन ठिकाणावर होतं तुझं. तू बरोबर टेकला होतास आणि मी तुला उलटं सांगितलं. माफ कर मला."

जोफ्रे प्लास्टरकडे बघत राहिला. "मी रोज झोपेत तो दगड चढतो," तो म्हणाला. "रोज विचार करतो की मी कुठे हललो. सापडतच नाही."

"नाही सापडणार, राजा. तू हललाच नव्हतास."

तेव्हा मात्र जोफ्रेच्या तोंडून हुंदका फुटला आणि चौदा वर्षांचा तो दांडगा मुलगा क्लिमेंतच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. ब्रू काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. केराल्तने त्याची बाही धरली आणि त्याला ओढत दूर नेलं.