दुसरी सही

"मिस थिओडोरा, ऑक्टाव्हकाकांना मी मारलं, असं गावभर झालंय," अर्लीन म्हणाली आणि हातातला रुमाल पिळत बसली.

अर्लीन डायलिसिस केंद्रात नर्स होती. वादळानंतर केंद्र उघडलं त्या पहिल्याच सकाळी रक्तपेशी फुटून चार रुग्णांच्या नळ्यांतलं रक्त चेरीच्या सरबतासारखं दिसू लागलं. तिघे वाचले, ऑक्टाव्ह दार्दार गेले. मशीन निर्जंतुक करायला वापरलेलं ब्लीच अर्लीनने नीट धुतलं नाही, असं मॅनेजर कोलेटचं म्हणणं होतं. सोमवारी अर्लीनचा परवाना जाणार होता.

"चारही मशिनं तूच धुतलीस?" थिओडोराने विचारलं. गावात कुणी अडचणीत आलं की तिच्याकडेच यायचं.

"नाही हो, माझं एकच. बाकीची तिघींनी."

"आणि एकाच सकाळी चौघींचे हात चुकले?"

अल्सिड मान हलवत राहिला. थिओडोराच्या या चुलतभावाचं डोकं कोळंबीच्या बोटीवर छान चालायचं. जमिनीवर आलं की जरा हेलकावे खायचं. तिचे गुडघे गेल्यापासून तो तिची गाडी चालवत होता.

दोघं केंद्रात पोचले, तेव्हा अल्सिड हात धुऊन आला तो हात हुंगतच. "पोहण्याच्या तलावात बुडी मारल्यासारखा वास येतोय!"

"वादळानंतर गावाने पाण्यात क्लोरीन वाढवलंय," कोलेट म्हणाली. "पाणी मशीनमध्ये जाण्याआधी आमच्या कोळशाच्या टाक्या ते शोषतात. शिवाय रुग्णांना लावण्याआधी रोज तपासणी होते. नळीत पाणी, त्यात गोळी. क्लोरीन उरलं असेल तर पाणी गुलाबी होतं." तिने वही पुढे सरकवली. "हे बघा, शून्य. पाणी तपासणाऱ्या रेमीची सही, शेजारी साक्षीदाराची. जनरेटर, आगीचा सराव, कर्मचाऱ्यांच्या रंगदृष्टीची चाचणी, तीन वर्षांचे कागद तयार आहेत."

अल्सिडने कॉफीचा कप टेबलावरच्या पुस्तकावर ठेवला.

"अहो, रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक महागाचं आहे!" कोलेटने झटकन कप उचलला. वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं, म्हणून पुस्तकावर डाग पडला नाही.

रेमी आपल्या घराच्या पायऱ्यांपाशी खेकडे उकडत होता.

"लालबुंद झालेत की!" अल्सिडच्या तोंडाला पाणी सुटलं.

रेमीने मनगटाकडे पाहिलं. "चार मिनिटं आहेत अजून. आमचे बाबाही घड्याळावरच शिजवायचे."

"त्या सकाळी पाणी तपासलंस?" थिओडोराने विचारलं.

"पंधरा मिनिटं वाहू दिलं, मग गोळी टाकली. रंग आला नाही, मिस. आईची शपथ."

"थापा मारतोय," गाडीत बसताच अल्सिड म्हणाला. "तपासलंच नसणार गाढवाने."

"तो खरं बोलतोय, अल्सिड. म्हणून तर मला भीती वाटतेय."

रविवारी थिओडोराने अर्लीन, कोलेट आणि रेमीला केंद्रातल्या पाण्याच्या खोलीत बोलावलं. दोन नळ्यांत गोळ्या टाकून तिने त्या रेमीच्या हातात दिल्या. एकीत शुद्ध पाणी होतं, दुसरीत बेसिनच्या नळाचं.

"गुलाबी कोणती?"

रेमीने त्या उजेडात धरल्या, जवळ आणल्या, लांब नेल्या. "दोन्ही सारख्याच आहेत."

अल्सिडचा आ वासला. दुसरी नळी त्याला दारातूनही गुलाबी दिसत होती.

"एका मशीनचं ब्लीच एकालाच बाधेल," थिओडोरा म्हणाली. "चौघांना बाधलं ते पाणी. टाक्या वाढलेल्या क्लोरीनला पुरल्या नाहीत. रेमीने पाणी प्रामाणिकपणे तपासलं, पण फिका गुलाबी रंग त्याला दिसतच नाही. खेकडा शिजला हे सगळे लालीवरून ओळखतात, हा मिनिटं मोजतो. त्या पुस्तकातल्या ठिपक्यांतला आकडा वाचायला दिला असता तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. कोलेट, तीन वर्षं ही चाचणी घेतलीत म्हणता, आणि पुस्तकाचं प्लास्टिक कसं शाबूत?"

"माणसं मिळत नाहीत इथे!" कोलेटचा आवाज फाटला. "आणि तो कधी चुकला नव्हता!"

"टाकीतून क्लोरीन याआधी कधी आलंच नव्हतं, कोलेट. तुम्ही खोटे कागद भरलेत आणि दोष या पोरीवर ढकललात."

अर्लीनला रडू फुटलं. तिने थिओडोराचे दोन्ही हात धरले. थिओडोराने ते हळूच सोडवले आणि वही उघडली. हे काम तिला नकोसं झालं होतं.

"साक्षीदाराची सही कुणाची, अर्लीन?"

अर्लीन थिजली. "माझी."

"नळी पाहिली होतीस?"

"रेमीने आतून 'शून्य' म्हणून हाक दिली. मी सही केली. आम्ही सगळ्या तशीच करतो." "वादळामुळे चार दिवस डायलिसिस बंद होतं हो. काकांचे पाय टम्म सुजलेले. म्हणाले, पोरी, आधी मला लाव."

रेमी अजून त्या नळ्या धरून उभा होता.

"अर्लीन," तो म्हणाला, "यातली गुलाबी कोणती, सांग ना."

तिने त्याच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. तिला ती एका नजरेत दिसली होती.