पिंपातली दुसरी काठी

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या त्या दरीच्या तोंडाशी एक जुनं पिंप आहे. आत जाताना त्यातली काठी घ्यायची आणि परतल्यावर पुन्हा तिथंच ठेवायची, अशी आम्हा फिरस्त्यांची रीत. त्या सकाळी पिंपात दोनच काठ्या होत्या.

आमचं चाकांवरचं घर झुडपांच्या सावलीत उभं करून मी एक उचलली. धबधबा तीन मैलांवर. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं याच वाळवंटात हिंडतोय, मला रस्ता कोण शिकवणार?

"क्लेटन, जरा हळू चाल हं. माझा गुडघा ठणकतोय," बायको म्हणाली.

"गुडघा कसला वर्ना, आळस म्हण! घे ती दुसरी काठी आणि ये मागोमाग."

ती फुगली. सगळं पाणी पाठीवर टाकून मी निघालो.

लाल भिंती हळूहळू जवळ आल्या. वाळू तापली होती. मागून काठी वाजत होती, टक... टक... अगदी माझ्या पावलांच्या तालावर.

"दमलीस का गं?" मी न वळताच विचारलं. मागून नुसतीच टक... टक... स्वारी अजून रागात होती तर! मला हसू आलं.

दीड तासाने गारवा लागला, शेवाळाचा वास आला. समोर धबधबा कोसळत होता.

"बघ, आणलं की नाही!" म्हणत मी वळलो. मागे कोणीच नव्हतं. ओल्या वाळूत फक्त माझी पावलं. उजवीकडे माझ्या काठीची भोकं होती. डावीकडेही तशीच होती.

मी धावत सुटलो. डोक्यावर ऊन, आणि तिच्याजवळ थेंबभर पाणी नाही. मीच तसं ठेवलं होतं. थेट दरीच्या तोंडाजवळच्या पहिल्या वळणावर ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघा सुजलेला, ओठ कोरडे पडलेले. मी बाटली तिच्या तोंडाला लावली.

"किती हाका मारल्या तुला..."

"अगं, मला तुझी काठी ऐकू येत होती..."

"मी काठी घेतलीच नाही. मूठ ओली होती तिची... आत्ताच कोणीतरी सोडल्यासारखी. तशीच ठेवून दिली."

तिला खांद्याचा आधार देत बाहेर आणलं. पिंप रिकामं होतं. माझी काठी त्यात टाकली आणि गाडी हाणली.

तेव्हापासून कुठेही गेलो तरी मी वर्नाला पुढे चालायला लावतो.

"आलं म्हणायचं शहाणपण!" ती हसते. मीही हसतो. मागची टकटक तिला ऐकू जाऊ नये म्हणून जरा मोठ्यानेच.