कोपऱ्यातला दिवा

आधी ते मोबाइल खाली ठेवा. हसायचं असेल त्यानं आत जाऊन हसावं. ही माझ्या साडूची, म्हणजे तुमच्या मावशीच्या नवऱ्याची गोष्ट आहे. ऐकीव नाही.

बंगल्यांच्या बागेतल्या दिव्यांची देखभाल, हा त्याचा धंदा. काचा पुसायच्या, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या, आणि अंधार पडला की प्रत्येक दिव्याचा रोख झाडावर बसवायचा. ते काम दिवसाउजेडी होत नाही. माणूस तिरसट, पण कामात चोख.

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. गल्लीच्या टोकाचा बंगला. मालकीणबाई दारातूनच खेकसल्या, "कोपऱ्यातल्या झाडाखालचा दिवा मेलाय. त्याला हात लावायचा नाही."

"बाई, एक दिवा बंद दिसला की लोक माझ्या नावानं खडे फोडतात."

"फोडू देत. लावलात तर तुमचं तुम्ही निस्तरा." दार धाडकन लागलं.

आता, शेजारचे चार बंगलेवाले दुसऱ्या दिवशी त्याचं काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर चारही बागा त्याच्या. बाईंना मनातल्या मनात शिव्या घालत त्यानं कोपऱ्यात कोरा दिवा बसवला. बशीएवढी काच, सीलबंद. रात्री साडेआठला तो लागला.

समोरच्या भिंतीवर झाडाची सावली पडली. शेजारी आणखी एक... माणसाची.

मध्ये कोणीच नव्हतं.

"कोण आहे?"

नीट ऐका. दिव्याच्या जितकं जवळ यावं, तितकी सावली मोठी होते. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ती सावली मोठी होत होती. भिंतीच्या निम्म्यापर्यंत. मग काठापर्यंत. मग सगळी भिंत काळी...

आणि हा दिव्याशीच उकिडवा बसलेला.

बटण घरात. तो ओरडला, "बाई! दिवे बंद करा!"

खिडकीत बाई उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. पडदा ओढून घेतला.

त्यानं दोन्ही तळहात काचेवर दाबले. अंधार. काच गरम हवी होती. बर्फासारखी गार...

मग आतून कुणीतरी दाबलं.

तिथून कसा सुटला, त्याला सांगता येत नाही. घरी आला तेव्हा तुटक्या वायरीसकट दिवा हातातच होता. त्याची बोटं सोडवायला मावशी आणि मी, दोघं लागलो. त्या चार बागा गेल्याच, पण त्यानं धंदाही सोडला. अजून संध्याकाळी दिवा लावला की भिंतीकडे पाठ करून बसतो. मला त्या बाईचा अजून राग येतो.

दिवा माझ्या कपाटात आहे. सील शाबूत आहे. काचेवर हाताचा ठसा आहे, तो बाहेरून पुसला जात नाही, कारण तो आतल्या बाजूला आहे. आणला तेव्हा नुसती बोटं होती.

काल काढून पाहिला. आता मनगटापर्यंत दिसतं.