सैल राहिलेला शंट

मीटरचा काटा ताडकन उजव्या टोकाला आपटला आणि जळक्या वार्निशचा वास हॉलभर पसरला. तपासणीच्या टेबलापाशी नवा तंत्रज्ञ ओशाळून उभा होता. मीटर जुळवणारी ती धावतच तिथे पोचली... आज केस पिकले, तरी तिला ती दुपार जशीच्या तशी दिसते.

मीटरमधली तारेची गुंडाळी केसासारखी नाजूक. म्हणून तिच्या जोडीला एक जाड पट्टी लावतात, शंट. जवळजवळ सगळा प्रवाह त्या पट्टीतून जातो, गुंडाळीच्या वाट्याला जेमतेम चिमूटभर. पट्टीचा स्क्रू सैल राहिला की सगळा भार गुंडाळीवर. तेच झालं होतं. आणि तो स्क्रू तिनेच बसवला होता.

"कोणाचा पराक्रम?" साहेब गरजले.

"माझा. शंट न बघताच मीटर जोडला," तो म्हणाला. तिच्याकडे बघितलंही नाही, पण कान लालबुंद झाले होते.

"नाही साहेब, स्क्रू माझ्याकडून सैल राहिला," ती म्हणाली. वडील अंथरुणाला खिळले होते, तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते मात्र तिने सांगितलं नाही.

तिला शिक्षा झाली, महिनाभर जंपर बसवायचे. सर्किटच्या पाटीवर तांब्याची एक रेघ दुसरीच्या आड आली, की तारेचा इवलासा पूल करून तिला पलीकडे न्यायचं. दिवसभर तारा कापा, वाकवा, डाख द्या.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"तुमचे डोळे सकाळपासून सुजलेले होते..."

"म्हणजे सकाळपासून माझ्याकडेच बघत होता?"

"छे! मी — मीटर बघत होतो."

"मीटर पलीकडच्या बाजूला होते!"

तो शेजारी बसून तारा वाकवू लागला. एकही धड वाकली नाही. कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

महिना संपला, तरी सुट्टीत तो तिच्याच टेबलाशी असायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मग त्याला दूरच्या मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं.

"मी नाही म्हणून कळवतोय," तो म्हणाला.

"खबरदार! जन्मभर ऐकवशील मला."

"आणि तू?"

"बाबांना सोडून मी कुठे येणार रे..."

तो गेला. पण पहिल्याच रविवारी, सहा तासांचा बसप्रवास करून, धुळीने माखलेला दारात हजर! बाबांची दाढी केली, त्यांच्याशी पत्ते खेळला, संध्याकाळच्या बसने परतला. मग दर रविवारी तेच. मनातलं मात्र दोघांच्याही ओठांवर येईना. ती चहा ठेवायची, तो "बरा झालाय" म्हणायचा, संपलं!

एका रविवारी बाबांनी हातातले पत्ते खाली ठेवले. आजारपणाने जीभ जड झालेली. शब्द सावकाश यायचे.

"तुम्ही... बोलणार आहात, की... मीच विचारू?"

तो गोरामोरा झाला. ती दारात कप घेऊन थबकली. चहा बशीत सांडला.

"तुम्हीच विचारा, बाबा," ती पुटपुटली.

बाबांनी तोंड उघडण्याआधीच तो घाईघाईने म्हणाला, "काका, माझं हो आहे!"

"अरे, तुला नाही," बाबा हसले, "तिला विचारतोय."

तिने कप खाली ठेवला, पदराने हात पुसले... आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.