रंगाचा बारावा हात

"अहो बाई, भिंत रंगवायला आलात की उकरायला?"

मागून आवाज आला आणि माझ्या हातातली रंग खरवडायची पट्टी निसटून थेट त्याच्या पायाशी पडली. वळून पाहिलं तर... सिमेंटने माखलेले हात, कपाळावर आलेले केस, आणि डोळ्यांत उघड उघड चेष्टा.

"उकरत नाहीये, बघतेय," मी फणकाऱ्याने म्हटलं. "वर पिवळा, खाली निळा, त्याखाली हिरवा... किती हात दिलेत या भिंतीला?"

"अकरा," त्याने पट्टी उचलून माझ्या हातात ठेवली. "दरवर्षी एक पाहुणी मंडळी येते, एक हात देते, भिंतीपुढे फोटो काढते आणि जाते. तुमचा बारावा."

आम्ही चर्चचे चौदा जण दहा दिवसांच्या सेवेसाठी सीमेपलीकडच्या या गावात आलो होतो. भाषा तीच, फक्त झेंडा आणि नोटा वेगळ्या. दोन्ही देशांत महिनाभर कुरबुरी चालल्या होत्या आणि रोज नवी अफवा उठत होती. बाबा "जाऊ नकोस" म्हणत होते. पण आमच्या मंडळीची पाळकबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. ती म्हणाली, "प्रभू पाठीशी आहे. शिवाय तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत." झालं! बाबांचं काही चाललं नाही.

बाबांचं रंगांचं दुकान आहे. माझं सगळं बालपण डब्यांच्या मागे गेलं. त्यामुळे त्या सभागृहाची भिंत पाहताक्षणीच मला कळलं होतं, की हिला रंग नकोच आहे.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणाले.

त्याची चेष्टा एकदम थांबली. "छतावर. उतार उलटा झालाय, पाइप तुंबलाय. मी गवंडी आहे, मला अकरा वर्षांपासून माहितीये."

"मग सांगत का नाही कुणाला?"

"इथले पाळकसाहेब सांगू देत नाहीत. पाहुणे इतक्या लांबून हौसेने येतात, त्यांचं मन कसं मोडायचं? म्हणून ही भिंत त्यांच्यासाठी राखून ठेवलीये."

मला हसू आवरेना. मग तोही हसला... आणि मला उगीचच ओढणी सावरावीशी वाटली.

त्या दुपारी मी आत्याला गाठलं आणि रंगाऐवजी मिस्त्रीकामाला, छत दुरुस्त करायला जाऊ दे म्हटलं. तिने आधी डोळे वटारले, मग भिंतीवर हात फिरवून ओल पाहिली आणि म्हणाली, "जा. पण दोघंच नाही हं, शिडी धरायला कुणीतरी ने." शिडी धरायला आत्या स्वतःच आली. दहा मिनिटांत तिचे पाय दुखायला लागले, आणि ती खाली खुर्ची टाकून बसली.

चार दिवस आम्ही छतावर होतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. तो जुना गिलावा फोडायचा, मी ढिगारा भरायचे. तो माल कालवायचा, मी त्यात गळती थांबवणारं औषध मोजून घालायचे.

"जरा जास्त घाला," तो म्हणायचा.

"डब्यावर लिहिलंय तेवढंच घालणार."

"दुकानदाराची मुलगी ना... माप सोडणार नाही!"

"आणि तुम्ही गवंडी. अंदाजपंचे दाहोदरसे!"

पण माझ्या हाताला फोड आला, तेव्हा त्याने स्वतःच्या रुमालाची पट्टी फाडून बांधली. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला. गाठ तशी अवघड नव्हती, आणि मीही घाई केली नाही.

पाचव्या दिवशी छत भरून पाणी साठवलं. आता चोवीस तास वाट पाहायची, खाली थेंब पडतो का ते. सभागृहातल्या दोन बाकांवर आम्ही उताणे पडलो, डोळे छताला लावून.

"जाताना सगळे रडतात," तो अचानक म्हणाला. "'परत येऊ' म्हणतात. तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असतं. पुढच्या वर्षी मात्र दुसरेच येतात. म्हणून मी पाहुण्यांशी फार बोलत नाही."

"माझ्याशी तर बोलताय..."

"हो ना," तो छताकडेच पाहत म्हणाला. "तीच तर पंचाईत झालीये."

बोलावं? पण मीही पाहुणीच. माझ्या शब्दांवर त्याने का विश्वास ठेवावा? तेवढ्यात आत्या फोन हातात घेऊन धावत आली. "परवापासून विमानतळ बंद होतोय! उद्या सकाळी सहाला निघायचं. बॅगा भरा!"

तो उठला. "अजून थेंब पडलेला नाही," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. संध्याकाळच्या प्रार्थनेलाही आला नाही. मी डोळे मिटून फक्त एवढंच मागितलं, की मला बोलायचं धैर्य दे.

सकाळी तो गाडीच्या टपावर बॅगा चढवत होता. माझी बॅग शेवटची. ती त्याच्या हातात देताना मी मूठ सोडलीच नाही.

"मिस्त्री... माझ्याशी लग्न कराल?"

गाडीत माणसं मोजणारी आत्या दहावर थांबली.

"अहो, काय बोलताय!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सीमा कधी उघडेल, ठाऊक नाही. व्हिसा, तुमचे बाबा... वर्ष लागेल, दोन लागतील—"

"मी तुमचं उत्तर विचारलंय. तारीख नाही विचारली."

त्याचे डोळे भरून आले. "काल प्रार्थनेला आलो असतो, तर मीच विचारलं असतं. पण जाणाऱ्या माणसाला अडवू नये, असं वाटलं."

"अडवू नका. उत्तर द्या."

"हो."

"नीट सांगा. कसलं हो?"

"लग्नाचं हो!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की ड्रायव्हरनेही मान वळवली.

गाडीत एकच हशा उठला. आत्याने पदराने डोळे पुसले. "आता माझ्या भावाला मी काय तोंड दाखवू! चल, बस आत. तुमच्यासाठी विमान थांबणार नाहीये."

गाडी निघाली. खिडकीच्या कडेवर हात ठेवून तो शेजारी चालत राहिला, मग भराभर चालू लागला, मग धावू लागला. फाटकाशी त्याचा हात सुटला.

"पोहोचलीस की लगेच कळव!" त्याने मागून हाक दिली. "मी वाट बघतोय."