शेजारचंही विकणे आहे

रविवारी दुपारी फाटकाची कडी वाजली, तेव्हा प्रणाली आईच्या केसांना तेल लावत होती. बाहेर अकोल्याचं एप्रिलमधलं ऊन. दारात एक तरुण, डोक्याला पांढरा दुपट्टा, डोळे उन्हानं बारीक झालेले.

"घर पाहायचं आहे ना? या," ती घाईनं म्हणाली.

तो जरा थबकला. "हो... दाखवा न."

तिनं सगळं दाखवलं. बैठक, ओटा, मागचं अंगण, गच्ची. तो भिंतींवरून हात फिरवत मागे मागे येत होता.

"पाणी?"

"नळ आठवड्यातून एकदा. पण बोअर आहे."

"खारं?"

"थोडंसं."

"थोडं म्हंजे?"

"डाळ शिजत नाही," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. महिन्याभरात आलेला पहिला माणूस, आणि आपण त्याला हे काय सांगतोय!

जाताना फाटकाशी तो थांबला. "घर चांगलं आहे. माह्यं बी असंच आहे."

"म्हणजे?"

"शेजारचं. मी बी इकून राहिलो."

तिचा चेहरा तापला. "मग पाहिलं काहून?"

"झाडू मागाले आलो होतो. पण तुमी इतक्या खुशीनं दाखवून राहिल्या होत्या... मधात कसं थांबवू?"

रागवावं असं तिला फार वाटलं. पण वडील गेल्यापासून त्या घरात कुणी अशी थट्टा केली नव्हती.

त्याचं नाव अंकुर. दर्यापूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. शेजारचं, आजवर भाड्यानं दिलेलं घर थोरल्या भावाचं, देवमनचं. भाऊ मागच्या वर्षी अपघातात गेला. शकुनवहिनी माहेरी वरूडला परतली. घर विकून तिला तिथे शिलाईचं दुकान टाकायचं होतं. म्हणून त्या रविवारपासून दर आठवड्याला अंकुर येऊन कुलूप उघडायचा, झाडायचा, वाट पाहायचा.

प्रणालीची निकड वेगळी होती. ती अमरावतीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज पहाटेची गाडी, रोज रात्र होता होता परत. तोवर आई, जमुनाबाई, एकटी. आईला अलीकडे माणसं आठवत नव्हती. समोरच्या माणिकबाई लक्ष ठेवत, पण त्यांचंही वय झालेलं. हे घर विकून अमरावतीत दवाखान्याजवळ एखादा लहान फ्लॅट घ्यायचा, एवढंच स्वप्न होतं.

पण घर जात नव्हतं. महामार्गापलीकडे नव्या स्कीम उभ्या राहत होत्या. तिथे लिफ्ट होती, गोडं पाणी देण्याची हमी होती, कर्जाचं सगळं बिल्डरच करून देत होते. जुनी रो-हाऊसेस कोण घेणार? गल्लीत पाच फाटकांवर 'विकणे आहे'चे बोर्ड उन्हात पांढरे पडत चालले होते. आणि तिकडे अमरावतीत भाव तिच्या डोळ्यांदेखत चढत होते.

रविवारी मागच्या अंगणांमधल्या सामाईक बुटक्या भिंतीवर दोन कप ठेवले जाऊ लागले.

"तुमचं घर गेलं का तुमी अमरावतीले जाल," एकदा तो म्हणाला.

"मग? त्यासाठीच तर..."

"नाई, मी आपलं म्हणून राहिलो. गिऱ्हाईक आलं का मले बरं वाटते. अन् न घेता गेलं का... जास्त बरं वाटते."

तिनं कप उचलला. चहा केव्हाच संपला होता, तरी ओठांना लावून धरला.

मे महिन्यात एक शिक्षक जोडपं दोन्ही घरं पाहून गेलं. प्रणालीला म्हणालं, शेजारचे दोन लाख कमी करताहेत. अंकुरलाही तेच सांगितलं. संध्याकाळी भिंतीपाशी दोघांच्या लक्षात आलं की दोघांपैकी कुणीच काही कमी केलेलं नव्हतं.

"आता असं करू," अंकुर म्हणाला, "एकमेकाले इचारल्याबिगर भाव उतरवायचा नाई. दे हात."

तिनं हात दिला. तो 'तुमी'वरून 'तू'वर आल्याचं तिनं ऐकूनही दाखवलं नाही.

"हा सौद्याचाच हात आहे ना?"

"सौद्याचाच..."

"मग सोड."

"तूच सोड न."

कुणीच लवकर सोडला नाही.

पुढच्याच आठवड्यात दुपारी लॅबमध्ये माणिकबाईंचा फोन आला. त्यांचा जरा डोळा लागला होता, तेवढ्यात जमुनाबाई बाहेर पडल्या. नवऱ्याला शोधायला. भर उन्हात, अनवाणी, मोर्णा नदीच्या पुलापर्यंत. तिथे पडल्या. एका रिक्षावाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं.

प्रणाली पोचली तेव्हा आईच्या तळव्यांना फोड आले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. "कोण व तू?" आईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे यांना एकटं ठेवता येणार नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकांचा फोन आला. चार लाख कमी करा, आज हो म्हणा, नाहीतर आम्ही दुसरं पाहतो.

तिनं मोबाईलवर अंकुरचं नाव काढलं. अंगठा त्यावर कितीतरी वेळ थांबला... मग तिनं फोन शिक्षकांना लावला आणि हो म्हणाली.

अंकुरला कळलं ते दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाकडून. "शेजारचं इतक्या कमीत गेलं, मग तुमचं जास्त काहून?" तो माणूस त्याच्या दारात उभा राहून विचारत होता. प्रणालीनं घेतलेला भाव आता गल्लीचाच भाव झाला होता.

घर रिकामं करायच्या दिवशी श्रावणाची भुरभुर होती. अंकुर आला. कपाट उचललं, फ्रीज चढवला, दोर आवळून बांधले. मग ट्रकच्या आडोशाला तिच्यासमोर उभा राहिला.

"मले एक फोन लावला असता."

"तू काय म्हणाला असतास?"

"इक म्हणलं असतं."

"म्हणून नाही लावला. तू वहिनीचं नुकसान माझ्यासाठी..."

"पण मग मी तिले सांगू शकलो असतो ना, का मी हो म्हणलं! आता काय सांगू? ज्या पोरीसाठी मी इथं येऊन राहिलो होतो, तिनंच आपला भाव पाडला?"

पावसाचे थेंब ताडपत्रीवर वाजत होते.

"माझ्यासाठी येत होतास?"

"गिऱ्हाइकासाठी दर रविवारी कोणी दर्यापूरहून येते का, प्रणाली?"

तिचे डोळे भरले. "मलाही रविवारचीच वाट असायची. हे आज सांगते आहे... कसली वेळ आहे ही!"

तो खाली पाहत राहिला. "वहिनीचं घर जाईपर्यंत मी येणार नाई. रागानं नाई. तिच्यासमोर उभं राहता आलं पायजे मले."

"आणि गेलंच नाही तर?"

त्यानं गल्लीतल्या भिजलेल्या बोर्डांकडे पाहिलं. आत जाऊन त्यानं जमुनाबाईंना दोन्ही हातांवर अलगद उचललं आणि गाडीत ठेवलं.

ऑपरेशन आणि दवाखाना भागवून जे उरलं, त्यात अमरावतीत फ्लॅट आला नाही. भाड्याच्या दोन खोल्या आल्या. त्यांच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसायची. आई पुन्हा चालली नाही. प्रणाली दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तिला भरवून जायची. दिवाळी गेली. अंकुरचा फोन नव्हता, तिचाही नव्हता.

फाल्गुनात एका सकाळी त्याचं नाव मोबाईलवर उमटलं.

"घर गेलं," तो म्हणाला. "तुह्यापेक्षा बी कमीत. वहिनीले सगळं सांगितलं, तुह्यं नाव घेऊन. दोन दिवस बोलली नाई. मग म्हणे, तिची माय पडली होती, ते बिचारी काय करन." तो दम घ्यायला थांबला. मागे गाड्यांचा गोंगाट. "अमरावतीले येऊन राहिलो, बडनेऱ्याले उतरलो आहे. जमुनामावशीसाठी संत्री आणली वरूडची. पत्ता सांग."

प्रणालीनं कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"आई गेली, अंकुर. संक्रांतीच्या आधी."

पलीकडे पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला.

"मले कळवलं काहून नाई?"

"घर गेल्याशिवाय येणार नव्हतास ना..."

ती ऐकत राहिली, त्याचा श्वास, मधेच अडखळणारा. मग फाटलेल्या आवाजात तो एवढंच म्हणाला, "पत्ता सांग न व."

तिनं सांगितला. फोन ठेवला, दार ओढून घेतलं, आणि रिक्षा जिथे वळते त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली.